आरोग्याचे काम, निधी आणि कागदपत्रे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गावपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्या छोट्या संस्थांनी पैसा कोठून आणि कसा उभा करावा, या विषयावर गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील सात पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. मी तेरा वर्षे एका ग्रामीण आरोग्य संस्थेचे हिशेब आणि प्रस्ताव सांभाळले आणि त्यानंतर नऊ वर्षे अनुदान देणाऱ्या एका न्यासात प्रस्ताव वाचण्याचे काम केले. मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, दोघांच्याही अडचणी त्यामुळे जवळून पाहिल्या आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात आमची संस्था चौदा पाड्यांवर गरोदर स्त्रिया, नवजात बालके आणि रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी काम करते. त्याच पाड्यांवरील चौदा स्त्रियांना आम्ही प्रशिक्षण देऊन तयार केले आहे. एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांनी नफ्यातून समाजकार्यावर कायद्याने करावयाच्या खर्चातून) फिरत्या दवाखान्याची गाडी देऊ केली आहे. पण सेविकांच्या मानधनाचा विषय काढताच, प्रशासकीय खर्चाला कायद्याने पाच टक्क्यांची मर्यादा असल्याने पगारासाठी पैसे देता येत नाहीत, असे आम्हाला सांगण्यात आले. गाडी घ्यावी का? नाही म्हटले तर कंपनी पुन्हा विचारणार नाही, अशी भीती वाटते.

उत्तर : आधी कायद्याचे पाहू, कारण हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकला आहे की तो आता नियमच आहे असे लोक धरून चालतात. सीएसआरच्या २०२१च्या सुधारित नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे. परंतु ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करावयाच्या खर्चाला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून नियमानेच वगळला आहे. पाड्यावर जाऊन बाळाचे वजन करणारी सेविका ही प्रकल्पाची अंमलबजावणीच होय. तिचे मानधन प्रशासकीय खर्चात धरले, तर शाळेच्या प्रकल्पात शिक्षकाचा पगारही प्रशासकीय ठरेल. नियमातील ही व्याख्या छापून पत्राला जोडा आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना नम्रपणे दाखवा. अनेकदा त्यांनीही ती मुळातून वाचलेली नसते.

आता गाडीविषयी. सातपुड्यात पावसाळ्याचे तीन-चार महिने किती पाड्यांपर्यंत चारचाकी पोहोचते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. गाडीबरोबर चालक, डिझेल, विमा, टायर, दुरुस्ती आणि सर्वांत अवघड म्हणजे तिच्यात बसायला तयार असलेला डॉक्टर, एवढे सगळे दर महिन्याला लागते. कंपनीने गाडीची किंमत दिली आणि हा चालू खर्च दिला नाही, तर दुसऱ्या वर्षी ती संस्थेच्या आवारात उभी राहील आणि तिचा विमा सेविकांच्या मानधनातून भरावा लागेल. मी काम करत होतो त्या संस्थेत असेच घडले होते. एका देणगीदार कंपनीने उद्घाटनासाठी मांडव घातला, फीत कापली, वर्तमानपत्रात छायाचित्रे आली आणि अठरा महिन्यांनी क्लच बदलायला पैसे नाहीत म्हणून गाडी दोन महिने बंद होती. त्या दोन महिन्यांत पाड्यांवर रक्तदाब मोजणारी, गोळ्या संपल्या का हे विचारणारी एकच व्यवस्था चालू राहिली आणि ती म्हणजे पायी फिरणाऱ्या बायका.

आरोग्याच्या कामात फरक कशाने पडतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच राज्यातला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडखळला तर मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. ही सेवा सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्यूदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ मध्ये हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील स्त्रियांच्याच बळावर आरोग्याचे काम उभे केले होते. या दोन्ही ठिकाणी खर्चाचा गाभा माणसांचे प्रशिक्षण, त्यांच्यावरची देखरेख आणि त्यांचा मोबदला हाच होता. प्रस्तावात हे लिहायला संकोच करू नका.

अंदाजपत्रकही याच क्रमाने मांडा. उदाहरणादाखल आपल्या चौदा पाड्यांचा हिशेब करून पाहतो. आकडे मी धरलेले आहेत, तेव्हा आपले आपण घालावेत. चौदा सेविकांना दरमहा ३,५०० रुपये धरले तर वर्षाला ५,८८,००० रुपये होतात. दोन पर्यवेक्षकांना दरमहा १५,००० रुपयांप्रमाणे ३,६०,००० आणि त्यांच्या प्रवासाला ७२,००० रुपये लागतील. सोळा जणांची दोन दिवसांची निवासी प्रशिक्षणे वर्षातून सहा वेळा घेतली, तर दरडोई दररोज ४०० रुपयांनी ७६,८०० रुपये होतात. वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि तापमापक यांची चौदा पिशव्यांची सामग्री ६३,००० रुपयांची. साठ रुग्णांना ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात नेण्याचे भाडे ९०,००० रुपये. अर्धवेळ हिशेबनीस, लेखापरीक्षण आणि कार्यालय मिळून १,६९,००० रुपये. एकूण १४,१८,८०० रुपये. यात सेविका आणि पर्यवेक्षक यांचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे, तर उपकरणांचा पाच टक्क्यांहूनही कमी. देणगीदाराला उपकरणांवर नावाची पट्टी लावता येते आणि चालण्यावर लावता येत नाही, म्हणून मागणी उलटी होते. ती आपण उलटी होऊ देऊ नये.

एक प्रश्न मात्र देणारा विचारणारच आणि त्याने तो विचारलाच पाहिजे : आशाताई असताना वेगळ्या सेविका कशाला? सर्वसाधारणपणे एक हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि नवजात बालकाच्या सहा किंवा सात गृहभेटींसाठी तिला २५० रुपये मिळतात. विखुरलेल्या पाड्यांवर एकट्या आशाताईला किती अंतर कापावे लागते, मागील वर्षी किती बाळांच्या सर्व भेटी पूर्ण झाल्या आणि आपल्या सेविका तिच्याबरोबर कशा काम करतात, हे अर्ध्या पानात लिहा. शक्य असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्रही जोडा. माझ्या हाती आलेल्या प्रस्तावांपैकी ज्यांत सरकारी यंत्रणेचा उल्लेखच नसे, ते मी चिंतेने बाजूला ठेवत असे, कारण अनुदान संपल्यावर रुग्ण कोणाच्या हवाली करणार याचे उत्तर त्यांत नसे.

कंपनीला नकार देण्याऐवजी प्रतिप्रस्ताव द्या. गाडीच्या किमतीत सेविकांचे काम किती वर्षे चालेल, हे एका ओळीत दाखवा. पैसे त्याच आर्थिक वर्षात संपवावे लागतात, असे कंपनीने सांगितले, तर तेही पूर्णपणे बरोबर नाही. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ ही सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो आणि त्यासाठीची न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून नंतर वापरता येते. तेव्हा मागणी तीन वर्षांची करा.

प्रश्न : आम्ही अनुदान घेतलेल्या कंपनीचा आग्रह आहे की वर्षअखेरच्या अहवालात किमान दहा हजार लाभार्थी दिसले पाहिजेत आणि कुपोषित बालकांची ‘आधी’ व ‘नंतर’ अशी छायाचित्रे हवीत. आमच्या प्रकल्पात प्रत्यक्षात चारशे चाळीस बालके आहेत. (पालघर जिल्हा)

उत्तर : चारशे चाळीस हाच आकडा लिहा. लाभार्थ्यांची संख्या वाढवण्याचा सोपा मार्ग सर्वांना ठाऊक आहे : शाळेत एक व्याख्यान द्यायचे आणि बसलेल्या सगळ्यांना मोजायचे. त्या व्याख्यानाने एकाही बाळाचे वजन वाढत नाही आणि पुढील वर्षी आपल्याकडून वीस हजारांची अपेक्षा होते.

आकडा लहान असला, तर त्याच्या मागचे काम जवळून दाखवावे. चारशे चाळीस बालकांपैकी तीव्र कुपोषित किती होती, त्यांपैकी किती बालकांचे वजन दर महिन्याला नियमित घेतले गेले, किती मध्येच स्थलांतरित झाली आणि परत आल्यावर त्यांची स्थिती काय होती, हे लिहा. पालघरमध्ये दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि नोंदवहीत त्या महिन्यांच्या रकान्यांत आडव्या रेघा येतात. अनुदान वाचणारा म्हणून सांगतो, त्या रेघा पाहून माझा विश्वास वाढत असे. बारा महिन्यांचे बारा आकडे सारख्याच शाईने आणि सारख्याच हस्ताक्षरात भरलेली नोंदवही पाहिली, की मी पर्यवेक्षकाला बाजूला घेऊन बोलत असे.

छायाचित्रांच्या बाबतीत ठाम राहा. मूल आजारी असताना आईने दिलेली संमती ही बहुतेक वेळा उपकाराच्या ओझ्याखाली दिलेली असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्यात बालकांच्या माहितीला अधिक संरक्षण आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती तिच्या लेखी संमतीविना उघड करण्यास तर २०१७च्या कायद्यानेच मनाई आहे. वजनाचा आलेख, सेविकेच्या हाताचे, वजनकाट्याचे किंवा नोंदवहीच्या नाव झाकलेल्या पानाचे छायाचित्र द्या. कंपनीच्या लोकांना एकदा पाड्यावर घेऊन जा. माझा अनुभव असा आहे, की जे अधिकारी सेविकेबरोबर दोन तास चालले, त्यांनी नंतर छायाचित्रे मागितली नाहीत.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांचे सरासरी सीएसआर दायित्व दहा कोटी किंवा अधिक आहे, त्यांना एक कोटी किंवा अधिक रकमेच्या प्रकल्पांचे स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावे लागते. फुगवलेला आकडा तेथे उघडा पडतो आणि तो फुगवण्याचा आग्रह धरणारा अधिकारी तोवर बहुधा बदलून गेलेला असतो.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आम्ही मागील वर्षी संस्था नोंदवली. गावातील वृद्धांचा मधुमेह आणि रक्तदाब यांवर काम करायचे आहे. सीएसआरसाठी अर्ज कधी करता येईल?

उत्तर : आपली नोंदणी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली झाली असेल, तर महाराष्ट्रात तिची नोंद १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही झाली आहे ना, हे आधी पाहा. त्यानंतर प्राप्तिकर खात्याकडील १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन नोंदण्या लागतात. २०२५च्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण बोलण्यात आणि अर्जांत अजून जुनीच नावे चालतात, म्हणून तीच वापरली आहेत. नव्या संस्थेला प्रथम तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि ती संपण्याआधी नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. ही तारीख विसरल्यामुळे अडचणीत आलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. तेव्हा ती कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवा. कंपनीकडून निधी घेण्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला नोंदणी क्रमांक आवश्यक आहे. शिवाय, कंपनीने स्वतः किंवा सरकारने स्थापन केलेली संस्था नसेल, तर त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

म्हणजे काम आता सुरू केले, तर आपल्या हाती अजून सुमारे तीन वर्षे आहेत आणि ती वाट पाहण्यात घालवू नयेत. आपल्या विषयाला सुरुवातीला फार पैसा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळ्या सुरू झालेली माणसे दोन-तीन महिन्यांनी त्या सोडून देतात, कारण ‘आता बरे वाटते’, आणि खरी अडचण तेथेच आहे. दोन गावांतील साठ ते सत्तर रुग्णांची यादी करा, दर महिन्याला घरी जाऊन रक्तदाब मोजा, गोळ्या चालू आहेत की नाहीत हे लिहा. वर्षाच्या शेवटी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात राहिला, हे सांगता आले, तर तीन वर्षांनी आपला अर्ज दहा वर्षे शिबिरे घेणाऱ्या संस्थेच्या अर्जापेक्षा वजनदार ठरेल.

या खर्चासाठी गावाबाहेर गेलेल्या मुलांकडे मागा. मुंबईत, पुण्यात नोकरी करणाऱ्या सातारकरांचे आईवडीलच आपले रुग्ण आहेत आणि महिना दोनशे रुपये देण्यासारखे कारण त्यांना दुसऱ्या कोणी पटवून द्यावे लागत नाही. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. त्या समितीच्या बैठकांना जाऊन बसा. रक्कम लहान आहे, पण सरपंच, आशाताई आणि अंगणवाडी सेविका तेथे एकत्र भेटतात.

नंतर कंपनी शोधताना मुंबईच्या मोठ्या नावांमागे एकदम धावू नका. आदल्या आर्थिक वर्षात पाच कोटी रुपये निव्वळ नफा झालेल्या कोणत्याही कंपनीला सीएसआरची तरतूद लागू होते. सर्वसाधारणपणे मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते आणि तीत स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. आपल्या जवळच्या औद्योगिक वसाहतीत अशा मध्यम कंपन्या असतील. ज्यांचे दायित्व पन्नास लाखांपेक्षा अधिक नाही, त्यांना स्वतंत्र सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेते. तेथे भेट मालकाची होते आणि त्यांच्या कामगारांचे आईवडील आपल्याच यादीत असण्याची शक्यता असते.

प्रश्न : आमचा न्यास १९८७चा आहे. सोलापूर जिल्ह्यात आम्ही प्रसूतिगृह चालवतो. एका मोठ्या अनुदानाचा प्रस्ताव मंजुरीच्या टप्प्यावर अडला आहे, कारण धर्मादाय कार्यालयातील नोंदीत अजून जुने विश्वस्त आहेत आणि त्यांपैकी तिघे आता हयात नाहीत. काय करावे?

उत्तर : हे दुखणे फार सामान्य आहे आणि त्याला औषधही एकच आहे : राहिलेले सगळे बदल अर्ज क्रमाने दाखल करणे. कायद्याप्रमाणे विश्वस्तांमधील बदल नव्वद दिवसांत कळवायचा असतो. आपल्याकडे प्रत्येक निवडीची सभेची नोटीस, इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्या, मृत विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे किती आहेत, हे प्रथम तपासा. मधल्या एखाद्या निवडीचे इतिवृत्त मिळत नसेल, तर ते आज लिहून जुनी तारीख टाकण्याचा मोह कोणी सुचवला, तरी ऐकू नका. विलंबमाफीचा अर्ज करा, जे कागद नाहीत ते नाहीत असे प्रतिज्ञापत्रावर सांगा आणि न्यासांची कामे नेहमी पाहणारा वकील नेमा.

देणगीदाराला मात्र आजच पत्र लिहा. बदल अर्जांची पोच, त्यांचे क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडा. मी ज्या न्यासात होतो, तेथे नोंदी अपुऱ्या असल्या तरी अर्ज दाखल केल्याचा पुरावा आणि हिशेब स्वच्छ असले, तर रकमेचा पहिला लहान हप्ता देऊन काम थांबू न देण्याची प्रथा होती. सगळीकडे ती असेलच असे नाही, पण विचारण्यात काही गैर नाही. प्रसूतिगृहात बाळंतिणी रोज येत असतात आणि विश्वस्त मंडळाच्या वादांमुळे किंवा आळसामुळे त्यांच्या वाट्याचे अनुदान अडावे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. आमच्या मराठी मंडळाने कोकणातील माझ्या गावच्या आरोग्य संस्थेसाठी निधी जमवला आहे. संस्थेकडे परदेशी देणग्यांसाठीची नोंदणी नाही. मुंबईतील एका नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसे पाठवावेत, असे कोणी सुचवले. हे चालेल का?

उत्तर : नाही. विदेशी अभिदाय (विनियमन) कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून, नोंदणीकृत संस्थेलाही परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. हा मार्ग अवलंबला, तर मुंबईच्या संस्थेची नोंदणी धोक्यात येईल आणि गावच्या संस्थेवरही कारवाई होऊ शकेल.

दोन बाबी वेगळ्या करून पाहाव्यात. आपले मंडळ ही परदेशी संस्था आहे, त्यामुळे तिचा पैसा परदेशीच ठरतो. मंडळाचे जे सदस्य अजून भारतीय नागरिक आहेत, म्हणजे ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी आपल्या स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली देणगी मात्र परदेशी मानली जात नाही. संस्थेने त्यांच्या पारपत्राची प्रत घेऊन ठेवावी. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, परदेशीच धरली जाते. गावाशी नाते तितकेच जवळचे असूनही कायदा असा भेद करतो, आणि तो पाळावाच लागतो.

संस्थेने स्वतः नोंदणी घ्यायची ठरवली, तर ती किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नोंदणी मिळाल्यावर पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच येतो आणि परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपलीकडे करता येत नाही. एवढी मजल गाठलेली नसेल, तर विशिष्ट देणगीदाराकडून विशिष्ट कामासाठी पूर्वपरवानगी मागण्याची सोय कायद्यात आहे. तोवर मंडळाने जमवलेली रक्कम मंडळाकडेच ठेवावी आणि भारतीय नागरिक असलेल्या सदस्यांनी आपापली देणगी थेट पाठवावी.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत गडचिरोली जिल्ह्यातील पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) आहे. पाच टक्के थेट निधी आरोग्यावर वापरता येतो का आणि तो एखाद्या संस्थेला देता येईल का?

उत्तर : राज्याने २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यास सुरुवात केली आणि ज्या कामांसाठी तो वापरता येतो, त्यांत आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांचा समावेश आहे. हा पैसा ग्रामसभेचा आहे, कामाचा निर्णय तिचाच असतो. माझे मत विचाराल, तर संस्थेने तो आपल्या खात्यात मागू नये. पाणी तपासणी, उपकेंद्रातील प्रसूतिकक्षाची डागडुजी किंवा रुग्ण नेण्याची व्यवस्था यांपैकी काय अधिक निकडीचे आहे, याची माहिती संस्थेने ग्रामसभेपुढे ठेवावी आणि खर्च ग्रामसभेलाच करू द्यावा.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका आहे. कै. यजमानांच्या स्मरणार्थ एक लाख रुपये आरोग्याच्या कामासाठी द्यायचे आहेत. ते मधुमेहाने गेले. एक संस्था त्यांच्या नावे सर्वरोग निदान शिबिर घेऊ असे म्हणते. मी काय पाहून द्यावे?

उत्तर : आपल्या पत्राबद्दल आदर वाटतो. मोतीबिंदूच्या शिबिरासाठी पैसे मागितले असते, तर मी लगेच होय म्हटले असते, कारण शस्त्रक्रिया एकदा होते आणि माणसाला दिसू लागते. मधुमेहाचे तसे नाही. शिबिरात साखर वाढलेली कळते, कागदावर लिहून मिळते आणि पुढच्या महिन्यापासून त्या माणसाला विचारणारे कोणी नसते. आपण यजमानांबरोबर इतकी वर्षे पथ्यपाणी सांभाळलेत, तेव्हा ही गोष्ट आपल्याला अधिक सांगायला नको.

संस्थेला तीन गोष्टी विचारा. मागील शिबिरात साखर वाढलेली आढळलेल्या किती जणांशी आज आपला संपर्क आहे? मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल पाहायला मिळेल का? आणि आपल्या एका सेविकेबरोबर मी एक सकाळ फिरू शकेन का? तिसऱ्या प्रश्नाला संस्थेने आनंदाने होकार दिला, तर बहुतेक शंका आपोआप मिटतात. कागद पाहताना मानधनावर आणि कार्यालयावर खर्च दिसला म्हणून मन मागे घेऊ नका. सगळा पैसा ‘थेट रुग्णांना’ दाखवणाऱ्या ताळेबंदात हिशेबनीसाचा पगार कोठेतरी लपवलेला असतो. आपल्या लाखात एका सेविकेचे दोन वर्षांहून अधिक काळाचे मानधन निघेल आणि ती पन्नास-साठ मधुमेही माणसांच्या घरी दर महिन्याला जाईल. यजमानांचे नाव तिच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा असे आपण सांगू शकता.

देणगी धनादेशाने किंवा बँकेतून द्या, कारण दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ८०जीची करसवलत मिळत नाही. आपण नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल, तर वैयक्तिक करदात्याला ही सवलत मुळातच नसते. सवलतीसाठी जुनी प्रणाली निवडावी लागते. पावतीशिवाय संस्थेकडून १०बीई हे प्रमाणपत्रही मागून घ्या. संस्था मे महिनाअखेर आपल्या देणगीची नोंद प्राप्तिकर खात्याला कळवते आणि त्या नोंदीवरून हे प्रमाणपत्र तयार होते. त्यावरील आपला पॅन क्रमांक बरोबर आहे ना, एवढे चष्मा लावून एकदा तपासा.